उरलेलं अंतर

कैरो ते कासाब्लांका म्हणजे साडेतीन हजार किलोमीटरच्या वर, पाच तासांहून जास्त उड्डाण. इद्रिस नकाशे करणारा माणूस. पश्चिमेला निघालेलं विमान सूर्याच्या मागे धावतं, पण त्याला गाठत नाही, हे त्याला ठाऊक होतं. उतरायच्या थोडं आधी दिवस मावळेल, असा त्याचा हिशेब होता. रमजान होता. प्रवाशाला रोजा माफ असतो, तरी त्याने धरला होता, कारण तिकडे आई हट्टाला पेटली होती.

आईचं काही खरं नव्हतं. तोंडाने पाणीही देऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बहीण नुहैला सकाळी फोनवर रडत होती. "तिला वाटतंय, तिचा रोजाच आहे. म्हणते, इद्रिस सोडेल तेव्हाच मी सोडीन. दादा, लवकर ये रे."

शेजारी हज करून आलेली एक म्हातारी, हाजा, जपमाळ ओढत बसली होती. सूर्य ढगांच्या वर हातभर राहिला, तशी खजुराची खोकी वाटली गेली. सगळे झाकणं उघडून थांबले. समोरच्या पडद्यावर उरलेलं अंतर दिसत होतं, दोनशे बारा किलोमीटर.

इद्रिसने जरा डोळे मिटले. उघडले तेव्हाही दोनशे बाराच होते. सूर्य तिथेच होता. पडदा बिघडला असेल म्हणून त्याने हवाईसुंदरीला विचारलं. पडदा ठीक आहे, असं त्याच्याकडे न बघताच सांगून ती पुढे गेली. घड्याळ मात्र चालत होतं. उतरायची वेळ टळून गेली, तरी कुणी कुरकुर करेना. मागे रडणारं मूलही गप्प झालं होतं.

"कसली घाई आहे रे पोरा?" हाजा म्हणाली. "सूर्य वर आहे तोवर दिवस आहे. राहू दे त्याला."

"माझी आई वाट बघतेय."

"बघतेय ना? मग बघू दे की."

तो चिडला. खाली कासाब्लांकात केव्हाच बांग झाली असणार, लोकांचं हरीराचं सूप पिऊनही झालं असणार. विमानात बसलेल्याने आपल्याला दिसतो तो सूर्य मानायचा, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. पण इद्रिसचा विश्वास घड्याळावर. त्याने बिस्मिल्ला म्हटलं आणि खजूर तोंडात टाकला.

खिडकी काळी झाली.

"सोडलास," हाजा हळूच म्हणाली.

पडद्यावरचे आकडे भराभर उतरू लागले. त्याने बी कागदी रुमालात गुंडाळून खिशात ठेवली.

घरी नुहैला दारातच उभी होती. तिचं रडून झालं होतं.

"दोन तासांपूर्वी गेली. सगळ्या गल्लीने रोजा सोडला, तरी ही खिडकीकडे बघत होती. मग म्हणाली, सोडला त्याने. आणि गेली."

इद्रिस आईजवळ बसला. तिच्या उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली होती. आंघोळ घालायला बायका यायच्या आधी त्याने एकेक बोट सरळ केलं. तळव्यावर खजुराची बी होती.

"काही दिलं होतंस हिला?"

"थेंबभर पाणीसुद्धा नाही."

त्याने खिशातला रुमाल काढला. घडी जशीच्या तशी होती. आत काही नव्हतं.

आईच्या हातातली बी अजून ओली होती.