डाव्या गालावरचा तीळ

न्हावऱ्याच्या स्टँडवर भुरभुर पाऊस होता, एसटीचा पत्ता नव्हता, आणि सरूबाई शेजारी बसलेल्या हन्नाबाईंकडं टक लावून बघत होती.

"बाई, तुम्ही थेट सिनेमातल्या नीलप्रभासारख्या दिसता. पण तिचा तीळ उजव्या गालाला. तुमचा डाव्या."

"हो ना," हन्नाबाई गोड हसल्या.

सरूबाईची गाडी आली, ती गेली. मग छत्री झटकत एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ हळूच म्हणाले, "सिनेमाच्या तंबूत बायका पडद्यामागं बसायच्या. तिकडनं सगळं उलटं दिसतं. मी पुढं, सिनेमाच्या मशीनवर असायचो... तीळ डावाच हाय."

हन्नाबाईंनी पदर गालावर ओढला. एके काळी त्याच तर नीलप्रभा! नायकाच्या आईचं काम पुढं आलं तेव्हा मेकअप पुसून त्या गावी आल्या, त्या आल्याच. लोकांच्या मनात ती पोरगीच राहू दे, म्हातारी कुणाला दिसायला नको...

"कुणाला सांगणार?"

"इतकी वर्षं मनात जपलंय. आत्ता कशाला वाटू?"

त्या खुदकन हसल्या. किती दिवसांनी!

मग दर रविवारी चर्च सुटलं की ते मिशीवाले हौसराव फाटकापाशी हजर. कधी पेरू घेऊन, कधी नुसतीच एखादी थाप मारायला. दोघंही एकटेच, पेरू संपले तरी गप्पा संपायच्या नाहीत.

"जत्रेत तंबू लावतोय. तुमचाच खेळ. पुढून बघायला या."

"म्हातारी झालेय मी, हौसराव."

"मशीनबी म्हातारी हाय. उजेड तसाच पडतो."

"लोकांनी तोंड फिरवलं तर?"

"माझं कवा फिरलंय का?"

जत्रेच्या संध्याकाळी त्या आल्या खऱ्या, पण पदर ओढून पडद्यामागं, सरूबाईशेजारी बसल्या. पडद्यावर ती पोरगी झोक्यावर गात होती, उजव्या गालावर तीळ घेऊन. माझाच चेहरा, आणि मीच उलटा बघतेय?

हन्नाबाई उठल्या. पडद्याला वळसा घालून थेट उजेडात उभ्या राहिल्या. पदर खाली घेतला. त्यांची सावली झोक्यावरच्या पोरीवर पडली.

मागोमाग आलेली सरूबाईच आधी बोलली, "आगं बया... तीळ त्या गालाला व्हता व्हय. म्हंजी ह्याच त्या!"

मग ज्या शिट्ट्या झाल्या, ज्या टाळ्या पडल्या! टोप्या उडाल्या, बायका पडदा उचलून पुढं आल्या. हन्नाबाई त्या गर्दीतून चालत मशीनपाशी गेल्या आणि हौसरावांच्या पत्र्याच्या पेटीवर ऐटीत बसल्या.

"तुमचं ऐकलं. आता माझं ऐका."

"काय?"

"घरापर्यंत हात धरून चला. सगळ्यांसमोर."

हौसरावांनी मशीनकडं बोट दाखवलं. "रीळ संपू द्या की..."

"संपू दे. मला घाई नाही," त्या म्हणाल्या, आणि हात आधीच पुढं केला.