चार मीटर

म्हाताऱ्या माणसांना चालायला लावायचं आणि घड्याळ धरून बघत राहायचं, हे माझं काम. जुन्नरला कुणी विचारलं, "रुक्साना, करतेस काय गं?" तर मी हेच सांगते आणि लोक हसतात. म्हातारपणावरचा हा अभ्यास तसा मोठा आहे. पाच-सहा देशांत तीच तीच माणसं दर तीन वर्षांनी तपासायची. मुठीची ताकद, आठवण आणि चार मीटर चालणं. कोण अजून आपल्या पायावर आहे, हे बघायचं.

डिंगोऱ्यातल्या लंकाबाई आणि गेणभाऊंनी मागच्या फेरीत मला घाम फोडला होता. नियमाप्रमाणे प्रत्येकाने एकट्याने चालायचं असतं. लंकाबाई ऐकेनात. "मालकाच्या म्होरं आमी कदी चाललो न्हाई. ते पुढं, मी मागं." शेवटी त्यांच्या चाचणीतही गेणभाऊ दोन पावलं पुढे चालले. मी शेऱ्यात 'सोबत पती' असं लिहिलं आणि साहेबांची बोलणी खाल्ली.

यंदा मार्चमध्ये गेले, तर गेणभाऊंना जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून लंकाबाई कॉटवर बसून होत्या. नारायणगावच्या डॉक्टरांनी फोटो काढले, हाडं ठणठणीत निघाली. पण पाऊल काही उचलत नव्हतं.

मुलगा बाळासाहेब चाकणला कंपनीत कामाला. "रविवारी घेऊन चाललोय मॅडम," तो म्हणाला. "तिसऱ्या मजल्यावर राहतो आमी. हितं एकटीला कोण बघणार? चालती असती तर गोष्ट येगळी."

दाराशी बॅग भरून ठेवलेली होती. लंकाबाई तिच्याकडे बघत नव्हत्या.

"तितं भितीकडं बघत मरंन मी," त्या हळूच म्हणाल्या.

मला फार वाईट वाटलं. टॅबवर 'चालू शकत नाही' या चौकोनावर बोट ठेवणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पट्टी लाव की पोरी. मागल्या खेपेवानी."

पडवीत दोन पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या, मधे चार मीटर. बाळासाहेबाने आणि मी त्यांना धरून पहिल्या पट्टीशी उभं केलं. त्यांचे पाय लटपटत होते. त्या पट्टीच्या थोड्या मागेच थांबल्या.

"पुढे या, आजी."

"थांब. आदी त्येंला निघू दे."

बाळासाहेबाने मान खाली घातली. मी वाद घातला नाही. सकाळचे अकरा वाजले होते, उन्हाने पडवी भरली होती, शेजारी कुणाचा तरी मिक्सर चालू होता. वाटेत मधोमध एक कोंबडी पसरली होती.

"चला," मी म्हणाले आणि घड्याळ सुरू केलं.

लंकाबाई हलल्या नाहीत. कोंबडी मात्र उठली आणि फडफडत बाजूला झाली.

"निघाले बग," त्या म्हणाल्या.

आणि त्यांचं उजवं पाऊल उचललं.

मग डावं.

कुणी धरलं नव्हतं. त्या खाली बघत चालत होत्या, पुढच्याच्या टाचेवर नजर ठेवून चालावं तशा.

चार मीटर पार झाले. बाळासाहेब उंबऱ्यावर बसून लहान पोरासारखा रडला. बॅग त्याने स्वतःच्या हाताने रिकामी केली, आईची लुगडी परत दांडीवर टाकली. माझेही डोळे भरले होते, लपवत नाही.

नियमाने तेच चालणं दुसऱ्यांदा घ्यायचं असतं. मी विचारलं, तर लंकाबाई म्हणाल्या, "आता नगं. ते दमले."

आता जून चालू आहे. त्या रोज देवळापर्यंत जाऊन येतात. परवा बाळासाहेबाचा फोन आला होता, खुशीत होता.

त्या दिवसाची एक गोष्ट मात्र मी शेऱ्यात लिहिलेली नाही.

आमचा नियम असा की चेहऱ्याकडे बघायचं नाही. पहिली पावलं पडली की नजर शेवटच्या पट्टीवर ठेवायची आणि पाऊल पट्टी ओलांडलं की बटण दाबायचं. हजारो वेळा केलंय. अंगठा आपोआप दाबला जातो, विचार करावा लागत नाही.

त्या दिवशीही तसाच दाबला गेला. साडेआठ सेकंद.

घड्याळ थांबलं, मी मान वर केली. लंकाबाई अजून दोन पावलं मागे होत्या.