कडी लावून गेलेलं रानमांजर

"उषाताई, जल्दी या. आमच्या वैनीच्या खुराड्यात खून झालाय," काकासाहेब फोनवर म्हणाला.

"कुणाचा?"

"कोंबड्याचा."

उषाबाईंनी फोन कानापासून लांब धरला आणि क्षणभर त्याच्याकडेच रोखून पाहिलं. बदनापूरच्या ठाण्यात हवालदार म्हणून सगळी नोकरी काढली, चोर-दरोडेखोर पाहिले, आणि आता निवृत्तीनंतर ही बढती! तरी त्या निघाल्या. घरात बसून मालिकेतली मूर्ख माणसं बघण्यापेक्षा जिवंत मूर्ख बघितलेले बरे, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

वाडीत काकासाहेबाचं नवं घर लांबूनच दिसत होतं. दिसावं म्हणूनच ते बांधलेलं होतं. खांबांना सोनेरी रंग, ओट्याला चकचकीत फरशी. त्याच अंगणात पलीकडे त्याच्या विधवा वहिनीच्या, म्हणजे कडूबाईच्या, वाट्याला आलेल्या पत्र्याच्या दोन खोल्या आणि विटांचं ठेंगणं खुराडं. खुराड्याच्या भिंतीला कुदळ टेकवून ठेवली होती.

काकासाहेब कडक इस्त्रीच्या कपड्यांत ओट्यावर उभा होता. डाव्या तळहातावर तंबाखू-चुना घेऊन उजव्या अंगठ्यानं रगडत होता. उषाबाईंना पाहून त्यानं चिमूट ओठाखाली सारली, हात झटकले आणि नमस्कार केला.

"हाताला काय लागलंय हो?" उषाबाईंनी विचारलं. डावा तळहात मधोमध लाल होता, उजवा अंगठाही.

"कुंकू. सकाळी देवपूजा केली ना. आपला नेम बिलकुल चुकत न्हाई."

"छान. ही कुदळ कशाला?"

"दुपारी खुराडं पाडायचंय. संपतचा कोंबडा वैनीकडं इलाजाला आल्ता. काल भरदुपारी रानमांजरानं नेला. तिच्याकडून आता होत न्हाई, ताई. उद्या गावभर भांडणं लागतील. तुम्ही पोलिसातल्या. तुम्ही एकदा बघून बोललात की वैनीलाबी पटंल."

म्हणजे शिक्का मारायला बोलावलं होतं तर. उषाबाईंनी मान डोलावली. शिक्का मारून घेणारी माणसं त्यांनी नोकरीत पुष्कळ पाहिली होती आणि त्यांतलं एकही त्यांना कधी आवडलं नव्हतं.

"आज काही आहे का घरात? इस्त्री फार कडक दिसते."

"संध्याकाळी जालन्याहून पाहुणे येऊन राह्यलेत. आमच्या अर्पिताला बघायला. मोठी पार्टी आहे."

उषाबाई वाकून खुराड्यात शिरल्या. आत ओल्या चुन्याचा आणि राखेचा वास होता. भिंती पांढऱ्याफटक. कोपऱ्यात कोंबड्यांनी लोळण्यासाठी राखेचा खड्डा, पाण्याच्या वाडग्यात ठेचलेला लसूण. कोंबडी झाकायचं एक मोठं डालगं आडवं पडलेलं. दाराच्या आतल्या बाजूला, माणसाच्या कोपराच्या उंचीवर, लालभडक फराटे होते. खाली तपकिरी पिसांचा एकच ढीग.

उषाबाई फराट्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या. रंग कालपासून जरासुद्धा काळवंडला नव्हता. बाहेर सांडलेल्या कण्यांवर मुंग्यांची रांग लागली होती, पण इथं एकही मुंगी नव्हती, माशीही नव्हती.

बाहेर कडूबाई डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून बसली होती. वाळलेली, करपलेली बाई. आजूबाजूच्या वस्त्यांवरून लोक आजारी कोंबड्या हिच्याकडे टाकून जात. हळद लावून कोंबडे बरे करणारी डॉक्टरीण! उषाबाईंना त्याचंही फारसं कौतुक नव्हतं.

"काय झालं होतं कोंबड्याला?"

"कुत्र्यानं पंख फाडल्ता. मी जखम धुतली, काल सकाळीच हळद कालवून चांगली जाड थापली. अन् निराळा डालग्याखाली ठेवला. जखम दिसली की बाकीच्या कोंबड्या टोचून टोचून जीव घेत्यात."

"चुना कधी दिलास?"

"कालच. पिसवा झाल्त्या. सकाळी चुना मारला, हळद लावली, कडी घातली अन् सुनंला घेऊन कापूस वेचायला गेले."

"परत आलीस तेव्हा कडी कशी होती?"

"लावलेलीच व्हती. म्हणून तर मला आधी कायबी कळलं न्हाई. आत वाकले तवा डालगं आडवं दिसलं."

"बाकीच्या कोंबड्या?"

"साऱ्या धड. एकीलाबी ओरखडा न्हाई." कडूबाईचा आवाज फुटला. "बाई, ह्या कोंबड्या गेल्या तर माझ्याकडं कोण येईल? अन् आता तर मला चोट्टी म्हणून राह्यलेत."

म्हणणारा संपत कुंपणाशीच उभा होता. कोंबड्याचा मालक. चेहऱ्यावर असा भाव, की कोंबडा नव्हे, राज्य गेलं.

"तू हिला चोर म्हणतोस?" उषाबाईंनी विचारलं.

"मंग काय म्हणू? रानमांजर कडी लावून जातंय का? हिनंच विकला अन् भिंतीला रगत फासलं."

"कोंबडा कुत्र्यानं फाडला तेव्हा तू कुठं होतास?"

"मी... झोपलो व्हतो."

"आणि मेला तर मरू दे म्हणून हिच्या दारात टाकून गेलास. इलाजाचं काय दिलंस?"

संपतनं दिलं काहीच नव्हतं. फुकटच्या इलाजावर तक्रार करायला मात्र तो सगळ्यांच्या आधी हजर होता.

"काल दुपारी कुठं होतास?"

"जिनिंगवर. कापसाची गाडी खाली करून राह्यलो होतो. चार माणसं सांगतील."

कडूबाईची सून शालू दारातच होती. तिनं न विचारताच सुरुवात केली. "मला बिलकुल आवडत न्हाई ह्या कोंबड्या. घरभर घाण. आमचे हे, करण, फोनवर म्हणले, पाडून टाका. काकाबी तेच म्हणले."

"कोण आधी म्हणालं?"

शालू थांबली. "काका. चार दिवस झाले, म्हणून राह्यलेत."

"म्हणजे कोंबडा जायच्या आधीपासून?"

"हौ."

"काल तू कुठं होतीस?"

"सासूबाईसंगट. बघा ना हात." कापसाच्या बोंडांनी बोटं ओरखडून निघाली होती. त्यांवर दुसरा कसलाच डाग नव्हता.

उषाबाईंनी सगळ्यांना अंगणात बसवलं. काकासाहेबानं स्वतःसाठी तेवढी खुर्ची आणवली.

"कडूबाई, घरातून चिमूटभर हळद आण. काकासाहेब, तुमची चुन्याची डबी द्या जरा."

"तुम्हीबी खाता का ताई?" तो हसला आणि डबी पुढे केली.

उषाबाईंनी एका फरशीच्या तुकड्यावर ओली हळद ठेवली, बोटाच्या टोकावर चुना घेतला आणि दोन्ही एकत्र रगडलं. पिवळं झर्रकन लाल झालं.

"ह्यात नवल काही नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हा सगळ्यांच्या आज्यांना हे ठाऊक होतं. तुम्हालाही ठाऊक आहे, फक्त डोकं वापरायचं नाही अशी शपथ घेतलीय. रक्त रात्रभरात काळं पडतं. त्याला मुंग्या लागतात, माश्या बसतात. भिंतीवरचं अजून लालभडक आहे. ते रक्त नाहीच. कोंबड्याच्या पंखावरची हळद ओल्या चुन्याला घासली गेली."

"म्हणजे..." संपत म्हणाला.

"म्हणजे कोंबडा इथं मेला नाही. मांजर असतं तर त्यानं खाली, डालग्यापाशीच मान धरली असती. बाकीच्या कोंबड्यांचाही धिंगाणा केला असता. फराटे आहेत दाराशी, कोपराच्या उंचीवर. कुणीतरी वाकून कोंबडा काढला, बगलेत धरला, आणि दारातून निघताना तो फडफडला. मग पिसं उपटून ढीग केला. आणि जाताना सवयीनं कडी लावली. इतकं अक्कलशून्य रानमांजर मी जन्मात पाहिलं नाही."

काकासाहेबानं पायावरचा पाय खाली घेतला.

"आता सांगा, हळदीनं माखलेला कोंबडा धरणाऱ्याच्या हाताला काय लागेल?"

"हळद," शालू म्हणाली.

"हळद लावणारी कडूबाई सोडली तर पिवळा हात कुणाचाच नाही. पण तो माणूस काम उरकून, मोठा पराक्रम केल्यासारखा, तंबाखू मळायला बसला तर? डाव्या तळव्यावर चुना, उजव्या अंगठ्यानं रगडा."

साऱ्यांच्या माना एकदम वळल्या. काकासाहेबानं मूठ मिटली.

"हे... हे कुंकू आहे! सांगितलं ना!"

"सांगितलंत. म्हणून तर पकडले गेलात. देवाला कुंकू माणूस उजव्या हाताच्या बोटानं वाहतो. तुम्ही डाव्या तळहातानं वाहता? कुठल्या देवाला चालतं हो ते? नाहीतर उघडा मूठ आणि ह्या फरशीशेजारी धरा. रंग जुळवून बघू."

मूठ उघडली नाही. उषाबाईंनी वाटही पाहिली नाही.

"खुराडं वहिनीच्या वाट्याच्या जागेत आहे, तुम्हाला पाडता येत नव्हतं. ती आपण होऊन पाडणार नव्हती. आणि संध्याकाळी मोठी पार्टी यायची होती. तुमच्या सोनेरी खांबांसमोर कोंबड्यांची घाण दिसली असती. म्हणून विधवा भावजयीला कोंबड्या सांभाळता येत नाहीत असं ठरवायचं, वर कुणी तिला चोर म्हटलं तर म्हणू द्यायचं. ती रडत बसेल, कुदळ तयार आहे, आणि वर पोलिसातल्या बाईचा शिक्का. कोंबडा कुठंय?"

काकासाहेब खुर्चीवरून उठला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मळ्यात. विहिरीवर, मोटारीच्या खोलीत."

"जिता हाय का?" कडूबाईनं विचारलं. इतक्या वेळात तिनं एवढंच विचारलं.

"हाय."

संपत गाडी काढून गेला आणि कोंबडा घेऊन आला. पाय सुतळीनं करकचून बांधलेले होते. कडूबाईनं सुतळी सोडली, पंख उचलून जखम पाहिली, सुजलेले पाय चोळले. मग ती दिराकडे वळली.

"मागितलं असतं तर एक दिवस गोणपाट टाकून झाकलं असतं, भाऊजी."

"वैनी, झालं ते झालं. पाहुण्याइच्या समोर तेवढं..."

"तक्रार द्यायची का?" उषाबाईंनी विचारलं. मुळूमुळू 'जाऊ द्या' ऐकायची त्यांनी तयारी ठेवली होती.

"तक्रार नको," कडूबाई म्हणाली. "पाहुण्याइची बैठक माझ्या अंगणात व्हईल. खुराड्यासमोर. अन् खुर्च्या भाऊजी स्वतः आणतील."

उषाबाईंनी पहिल्यांदाच त्या बाईकडे नीट पाहिलं. मग त्यांनी घरी जायचा बेत संध्याकाळपर्यंत पुढं ढकलला.

काकासाहेबानं खुर्च्या आणल्या. इस्त्री मोडली, घामानं पाठ भिजली. कुठली खुर्ची कुठं ठेवायची ते शालू सांगत होती आणि प्रत्येक खुर्ची खुराड्याच्या थोडी आणखी जवळ सरकत होती.

पाहुणे आले. मुलाची आई, प्रभावतीबाई, भारी साडीतली, खुर्चीवर टेकली आणि लगेच उठली. सरळ खुराड्याशी जाऊन उकिडवी बसली. काकासाहेबानं डोळे मिटले.

"अगं बाई, किती स्वच्छ ठेवलंय!" ती कडूबाईला म्हणाली. "आमच्या गच्चीवर पाच आहेत. दोघींच्या तुऱ्यावर फोड आलेत, डोळेबी मिटून राह्यल्यात. कुणाला विचारावं कळंना."

"देवी आल्यात त्याइला. आधी बाकीच्याइपासून निराळ्या करा," कडूबाई सरकून तिच्याशेजारी बसली. "मंग सांगते काय लावायचं ते. अन् डोळे उघडंनात तर जनावराच्या दवाखान्यात न्या, घरीच बसू नका."

दोघींचं बोलणं रंगलं. मुलगी बघायला आलोय हे प्रभावतीबाई विसरूनच गेली होती. ओट्यावरच्या चकचकीत फरशीकडे आणि सोनेरी खांबांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. काकासाहेब हातात चहाचा ट्रे घेऊन मधेच उभा होता, आणि तो कुणाला द्यावा हेही त्याला सुचत नव्हतं.

उषाबाईंना त्याची कीव यायला हवी होती. ती आली नाही. त्यांनी ट्रेमधला एक कप उचलला, एक घोट घेतला आणि साखर कमी आहे म्हणून परत ठेवून दिला.