उन्हात दिसणारा फोन

चिखलीच्या त्या मोबाइलच्या दुकानात गुरुवारी दुपारी जी शिट्टी वाजली, ती निम्म्या बाजारानं ऐकली असेल. काउंटरवर वायरीनं बांधलेला डेमोचा फोन एका मुलीनं उचलला आणि ती सरळ दाराकडे निघाली. वायर ताणली, निसटली... आणि दुकान किंचाळायला लागलं.

मुलगी थांबली नाही. रस्त्यावर जाऊन भर उन्हात उभी राहिली आणि डोळे बारीक करून फोनकडे बघू लागली.

"अहो ताई! कुठे चालल्या?" सेल्समन धापा टाकत बाहेर आला. निळा शर्ट, खिशावर नावाची पट्टी — ऋत्विक.

"कुठीच नाही. उन्हात."

"उन्हात... कशाला?"

"आमच्या घरी बैल घ्याच्या आधी चालवून पाह्यतात. तुमच्या इथं बसल्या जागी विकतात काय?"

रॅम किती, कॅमेरा किती, कव्हर फुकट का — तीन वर्षांत ऋत्विकला एवढेच प्रश्न माहीत होते. बैलाचा पहिल्यांदाच आला. तो मोकळं हसला. फोनबरोबर आणखीही काही बघण्यासारखं इथे आहे, हे धाड गावाहून आलेल्या त्या मुलीच्या, पुष्पांजलीच्या, लक्षात आलं. पण ती फोन घ्यायला आली होती, म्हणून तिनं मान खाली घातली.

तिचं कारण साधं होतं. गावात पीक पाहणीची सहायक म्हणून तिची निवड झाली होती. सोमवारपासून शेतोशेती फिरायचं, प्रत्येक शेतात उभं राहून पिकाचा फोटो घ्यायचा आणि ॲपवर नोंद करायची. सहा वर्षं घरात बसून ब्लाऊज शिवल्यावर मिळालेलं, उंबऱ्याबाहेरचं हे पहिलं काम. भावाचा जुना फोन घेऊन तिनं सराव केला, तर त्या फोननं नकाशावर तिला थेट शेजारच्या शेषरावकाकांच्या विहिरीत उभं केलं!

"एकाचं सोयाबीन दुसऱ्याच्या नावावर चढलं तर लोक मले गावात ठेवतील काय?" ती म्हणाली. "काम जाईल ते वेगळंच. माह्या पैशात एकच फोन येते. तो चुकला की गेलं सगळं."

ऋत्विकनं दोन फोन समोर ठेवले. एक लाल, चकचकीत, मागे तीन कॅमेरे, एकशेआठ मेगापिक्सेल. हाच खपवायचा, असं मालकांनी बजावलेलं. दुसरा राखाडी, जाडजूड, मोठ्या बॅटरीचा. किंमत दोन्हींची अकरा हजारांच्या आतबाहेर.

"शेतात यातला कोणता चालीन?"

"बघा मॅडम, यामध्ये आपल्याला ऑक्टाकोर प्रोसेसर..." तो पाठ म्हणायला लागला आणि मध्येच अडखळला. समोरचे दोन डोळे फार विश्वासानं ऐकत होते — अशा डोळ्यांपुढे ऑक्टाकोर म्हणवत नाही. दुकानातली शुद्ध भाषाही त्याला सोडून गेली. "खरं सांगू? मले माहीत नाही. मी एसीत बसून विकतो."

"मग या की धाडले. रविवारी."

ती बोलून गेली... आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली.

रविवारी तो खरंच आला. सुट्टीच्या दिवशी, मोटारसायकलवर सव्वा तासाचा रस्ता कापत, दोन्ही डेमो फोन रुमालात गुंडाळून. "त्या भागात असे दहा-बारा सहायक आहेत, गिऱ्हाईक मिळेल," असं सांगून त्यानं मालकांना पटवलं होतं. त्यातलं निम्मं खरं होतं.

सकाळी एक सर येऊन गेलेली. सोयाबीन कमरेशी लागत होतं, पानापानावर पाणी. पुष्पांजलीचे वडील, उकंडराव, बांधावर पाय सोडून बसले होते.

"दोन दोन फोन कायले आणले रे पोट्ट्या?"

"परीक्षा आहे काका."

"कोणाची?"

ऋत्विकला एकाएकी फोनच्या काचेवर बरीच धूळ दिसली. तो ती पुसत राहिला.

मग परीक्षा सुरू झाली. पुष्पांजलीनं पानांवरून हात फिरवला आणि ओल्या बोटानं लाल फोन उघडायला गेली. फोननं तिला ओळखच दाखवली नाही! राखाडी जरा कुरकुरला, पण उघडला. ऊन पडलं तसा लालचा पडदा काळा आरसा झाला. त्यात तिला आपल्या खांद्यामागे वाकलेला ऋत्विक तेवढा दिसला. ती मुद्दामच दोन क्षण जास्त बघत राहिली.

"काय दिसतं?" त्यानं विचारलं.

"कामाचं काही नाही."

मग दोघं बांधावर उभे राहिले. लाल फोन म्हणाला, तुम्ही शेषरावकाकांच्या शेतात आहात. राखाडी म्हणाला, उकंडरावांच्या.

"हा पास!" पुष्पांजली टाळी वाजवून ओरडली. तिचा आनंद असा फुटला की बांधावरचे बगळे उडाले.

"थांबा, कॅमेराही बघू." ऋत्विकनं राखाडी फोन धरला. "जरा डावीकडे... हं."

तिनं फोटो पाहिला. "यात पीक कुठी आहे?"

"आहे की... मागे."

"ॲप घेते काय असा फोटो?"

"ॲपचं माहीत नाही. मी घेतला."

गुरुवारचं 'ताई' गेलं होतं, 'मॅडम'ही गेलं होतं. त्या जागी त्यानं अजून काही ठेवलं नव्हतं. ही रिकामी जागा पुष्पांजलीला फार आवडली.

"हाच देऊन टाका," ती म्हणाली. "उद्या सकाळी सातले मले शेतात उभं राह्याचं आहे."

ऋत्विकनं फोन रुमालात गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"घेऊ नका."

"काऊन?"

"जुनं मॉडेल आहे. याले आता अपडेट येणार नाहीत. यंदाचं काम निभावीन, पण पुढच्या वर्षी ॲप नवीन झालं तर हा रुसून बसीन. तुमचे पैसे एकदाचेच आहेत..." त्यानं रस्त्याकडे बोट दाखवलं. "बुलढाण्याले बसस्टँडसमोर दुकान आहे. तिथं याच किमतीत एक निळा भेटते. चार वर्षं अपडेट, पडदा उजेडाचा. आम्ही ठेवत नाही, कमिशन कमी सुटते."

"म्हणजे मले दुसऱ्या दुकानात पाठवून राह्यले तुम्ही?"

"हाव. नोकरीत पहिल्यांदा." तो कसनुसा हसला. "आता तुम्हाले चिखलीले येयाचं कामच राह्यलं नाही."

ते वाक्य फोनबद्दल नव्हतं. बांधावर बसलेल्या उकंडरावांनाही ते समजलं. त्यांनी धोतर झटकलं आणि उठले. "चला. बुलढाण्याची जीप सुटायच्या आत चला."

बाप-लेक जीपमध्ये आणि मोटारसायकलवर ऋत्विक मागे. वाटेत पुन्हा सर आली. पुष्पांजलीनं सात वेळा मागे वळून पाहिलं. सातही वेळा तो भिजत होता आणि सातही वेळा हसत होता.

निळा फोन मिळाला. दुकानातून विचारून बाहेर आणला, पाऊस थांबल्यावर उन्हात धरला. अक्षर न् अक्षर दिसलं, तेव्हाच पैसे मोजले. तरी खरी परीक्षा सोमवारचीच होती.

सोमवारी सात वाजता ती शेषरावकाकांच्या बांधावर उभी राहिली. नकाशावरचा ठिपका फिरला, थबकला, सरकला... आणि बरोबर काकांच्या तुरीत येऊन बसला. तिनं फोटो घेतला, नोंद गेली. संध्याकाळपर्यंत चाळीस शेतं झाली, एकही चूक नाही.

अंधार पडायच्या आधी फोन वाजला.

"कसा आहे?" ऋत्विक.

"चांगला आहे. गरम होत नाही, चार्जिंग अजून निम्मं आहे."

"काहीच दोष नाही?"

"शोधून पाह्यला. नाही."

तो हळूच म्हणाला, "दोष असता तर बरं झालं असतं. दुरुस्तीच्या निमित्तानं आलो असतो. आता काय सांगून येऊ?"

पुष्पांजली सोयाबीनच्या कडेला खाली बसली. पाय दुखत होते, चेहरा उन्हानं रापला होता, आणि ओठांवरचं हसू काही केल्या आवरत नव्हतं.

"खरं सांगून या," ती म्हणाली. "मी आहे घरी. बाबाही आहेत. शुक्रवारी या, त्या दिवशी काम नाही."

"उद्या आलो तर?"

"उद्या बत्तीस शेतं आहेत माह्याजवळ..." ती थांबली. "या. पण चालावं लागन संगं."