नेमेसियोच्या घड्याळाचा रोटर

हे कुणाच्या मावशीच्या शेजारणीच्या बाबतीत घडलेलं नाही. माझ्या बाबतीत घडलंय, माझ्या या दोन हातांनी. पटलं नाही तरी चालेल, फक्त हसू नका.

आणि हो, रात्र वगैरे नव्हती.

नोव्हेंबरातला मंगळवार होता. भर दुपार. तागबिलारान या आमच्या बेटावरच्या बंदरात, जुन्या बाजारातल्या जिन्याखालच्या माझ्या दुकानात घडलं सगळं.

माझं नाव फेलिसिदाद. बाजारात सगळे मला नाँग फेली म्हणतात, म्हणजे फेलीताई. तीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त करते. वडिलांनी, म्हणजे तातायनी, शिकवलं. ताताय आता ऐंशीचे आहेत. डोळे गेले, पण रोज दुकानात येऊन बसतात आणि नुसत्या कानांनी माझ्या चुका काढतात.

तर त्याच्या आदल्या बुधवारी नेमेसियो आला. मच्छीमार. वय पस्तिशीच्या आसपास, उन्हाने रापलेला, सदा हसरा. डाव्या मनगटावरचं घड्याळ काढून त्याने काउंटरवर ठेवलं.

"नाँग, रात्री बंद पडतंय. सकाळी हलवलं की चालू. दुपारी परत बंद."

घड्याळ ऑटोमॅटिक होतं. याला चावी द्यायची सोय नव्हती. आत एक अर्धगोल वजन असतं, त्याला रोटर म्हणतात. हात हलला की रोटर फिरतो, आणि तो फिरला की एक खटका स्प्रिंग भरत जातो. हात थांबला की दीड-दोन दिवसांत घड्याळ थांबतं. एवढं कळलं तरी पुढचं सगळं कळेल.

"हात हलवतोस का कधी? की नुसता बोटीत लोळतोस?" मी म्हटलं.

"मग जाळं कोण ओढतं, तुझा बाप?"

"इथेच बसलाय बाप, दोंग," ताताय कोपऱ्यातून म्हणाले. दोंग म्हणजे पोरा. "जीभ सांभाळ."

तिघंही हसलो. मी मागचं झाकण उघडलं. रोटर डुगडुगत होता, झाकणाला घासून त्याने आत चंद्रकोरीसारखा ओरखडा काढला होता. रोटर सोडवून खाली बघितलं तर खटका अर्धा मोडलेला. म्हणजे हा गडी कितीही जाळी ओढो, रोटर नुसता गरगरणार, स्प्रिंग जेमतेमच भरणार.

"खटका सेबूहून मागवावा लागेल. शनिवारच्या बोटीने येईल. ठेवून जा."

तो घुटमळला. लग्नात बायकोने दिलेलं घड्याळ. आठ वर्षांत हातातून काढलेलं नव्हतं.

"उद्या पहाटे निघायचंय गं. हे नसलं तर हात कुणा दुसऱ्याचा वाटेल."

"दोन दिवस घड्याळ नसलं म्हणून मरत नाहीस," मी म्हटलं.

हो. हेच शब्द होते माझे.

तो गेल्यावर मी मोडका खटका काढून टाकला. स्क्रू हरवू नये म्हणून रोटर परत जागेवर बसवला, आणि घड्याळ तसंच उघडं, पालथं, काचेच्या घुमटाखाली ठेवलं. थोड्या वेळाने ते थांबलं. स्प्रिंग पूर्ण रिकामी.

गुरुवारी दुपारी समुद्रात अचानक वादळ उठलं.

नेमेसियोच्या बोटीवर तो आणि त्याचा चुलतभाऊ आर्सेन, दोघंच होते. बोट उलटली. आर्सेनला संध्याकाळी दुसऱ्या बोटीने उचललं. नेमेसियो सापडला नाही. पिण्याच्या पाण्याचा निळा डबा धरून तो लाटेआड गेला, एवढंच आर्सेनने पाहिलं होतं.

शुक्रवारी सकाळी मला ही बातमी मासळीवालीने सांगितली. मी दुकान उघडत होते. आत पाऊल टाकलं आणि...

खर्र.

मी थांबले.

खर्र... मग शांत... मग परत खर्र.

घुमटाखाली रोटर फिरत होता.

अर्धा फेरा जायचा, थांबायचा, परत यायचा. आणि त्याखाली बॅलन्सचं चाक, घड्याळाचा ठोका देणारं, टिकटिक करत होतं. घड्याळ चालू होतं!

आधी वाटलं, रस्त्यावरच्या बसचा हादरा असेल. मी घुमट उचलून दुसऱ्या टेबलावर नेला. मग जमिनीवर ठेवला. पंखा बंद केला. लोहचुंबक कुठे जवळ आहे का ते पाहिलं. बाहेरून जे जे बघता येतं ते सगळं बघितलं.

रोटर थांबेना.

आणि थांबला असता, फिरला असता, काय फरक पडत होता? खटका तर नव्हताच आत! रोटर आणि स्प्रिंग यांचा एकमेकांशी काही संबंधच उरलेला नव्हता. स्प्रिंगही रिकामी होती. मग चाकं फिरवत कोण होतं?

थोड्या वेळाने ताताय आले. खुर्चीत टेकले, आणि मान वळवली.

"कुणाच्या हातात आहे ते घड्याळ?"

"कुणाच्याच नाही, ताताय. टेबलावर आहे."

"वेड्यासारखं बोलू नकोस. हातात आहे कुणाच्या तरी."

 ताताय कान देऊन ऐकत राहिले. साठ वर्षं रोटरचे आवाज ऐकलेला माणूस. चालणाऱ्या हाताचा आवाज वेगळा, कपडे धुणाऱ्या बाईचा वेगळा, झोपेत कूस बदलणाऱ्याचा वेगळा. ते नुसतं ऐकून सांगायचे.

खर्र... शांत... खर्र.

"हे चालणं नाही," ताताय म्हणाले. "जाळं ओढणंही नाही. एकच हात आहे, मागे सारतोय... दमतोय... परत सारतोय. फेली, हा माणूस पोहतोय."

 मी दाराबाहेर जाऊन उभी राहिले. आत जायची हिंमत होईना.

शनिवारी रोसेन्दा आली. नेमेसियोची बायको. दोन रात्रींत डोळे खोल गेलेले. तिला घड्याळ हवं होतं. घरात देवापुढे त्याचा फोटो ठेवला होता, सासू म्हणत होती की आता नऊ दिवसांची प्रार्थना सुरू करू. आमच्याकडे ती मेलेल्या माणसासाठी करतात. एकदा सुरू झाली की शोधायला गेलेल्या बोटी परततात. जो गेला त्याला समुद्रात शोधायचं कशाला?

"मी नाही म्हणतेय, नाँग," ती म्हणाली. "जपमाळ मी हातात घेतली तर मीच त्याला मारलं असं होईल ना?"

मी काही बोलायच्या आधीच तिने तो आवाज ऐकला. घुमटापाशी गेली. नवऱ्याचं घड्याळ तिने लांबूनच ओळखलं.

"हे दुरुस्त झालं?"

"नाही, दाय," मी म्हटलं, धाकट्या बहिणीला म्हणतात तसं.

"मग चालतंय कसं?"

मला खोटं सांगता आलं असतं. नाही सांगितलं. खटका नाही, स्प्रिंग रिकामी होती, शुक्रवारपासून असंच चालू आहे, सगळं सांगितलं. ताताय काय म्हणाले तेही.

ती रडली नाही. काचेवर हात ठेवून वाकली.

"पोहत राहा," ती हळूच म्हणाली. "येतायत रे बोटी. पोहत राहा."

रविवारी पाच बोटी गेल्या. सोमवारी चार. रोसेन्दा सकाळ-संध्याकाळ दुकानात यायची, ऐकायची, आणि धक्क्यावर जाऊन सांगायची, अजून चालू आहे. खटका शनिवारच्या बोटीने आला होता, मी पुडी उघडलीसुद्धा नाही. ताताय म्हणाले होते, कुणी हात लावायचा नाही.

पण आवाज बदलत होता.

सोमवारी दोन खर्रच्या मधली शांतता लांबली. मी नकळत आकडे मोजायचे. चार... पाच... सहा... आणि मग खर्र.

मंगळवारी दुपारी ताताय जेवून घरी आडवे झाले होते. बाजार पेंगत होता. मी एकटी होते, आणि आर्सेन आला. डोक्याला पट्टी, डोळे लाल.

"नाँग, खरं सांग मला. हे घड्याळ बिघडलंय म्हणून चालतंय की काय?"

"म्हणजे?"

"काल आमची एक बोट उलटता उलटता वाचली. चार पोरं होती तिच्यात. वारा वाढतोय. वहिनी म्हणते घड्याळ चालू आहे, मग मी त्यांना परत पाठवतो. एका बिघडलेल्या घड्याळापायी उद्या चार घरांत रडारड झाली तर? तू कारागीर आहेस ना? तपासलंस का नीट?"

मला राग आला. तीस वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर, तपासलं नव्हतं. बाहेरचं सगळं बघितलं होतं, पण या कामातली पहिली तपासणी मी केलीच नव्हती. रिकाम्या स्प्रिंगचं घड्याळ चालत असेल तर रोटर काडीने धरून ठेवायचा. धरल्यावर घड्याळ चालत राहिलं तर जोर दुसरीकडून येतोय, दोष सापडला. थांबलं तर जोर रोटरचाच. मिनिटभराचं काम. शिकाऊ पोरगंही करतं.

"थांब," मी म्हटलं. "आत्ता सांगते."

घुमट उचलला. भिंग डोळ्याला लावलं. बांबूची टोकदार काडी घेतली आणि रोटरच्या कडेवर टेकवली.

रोटरने ढकललं.

यंत्राचा जोर मला माहीत आहे. तो एकसारखा असतो. हा तसा नव्हता. गर्दीत लहान मूल आपल्या हातातून हात सोडवून घेतं ना, तसा होता.

मी काडी उचलायला हवी होती.

पण आर्सेन बघत होता. आणि मला उत्तर हवं होतं. मिनिटभर तर धरायचं... मी काडी दाबली.

एक झटका आला. मग दुसरा. मग भराभर, चार-पाच, एकावर एक. बॅलन्सचं चाक अडखळायला लागलं.

"नाँग, काय झालं?"

मी आकडे मोजत होते. चाळीस... एकेचाळीस...

आणि काडीखालचा जोर गेला.

मी लगेच काडी उचलली. रोटर हलला नाही. घड्याळ बंद. फुंकर घातली. घड्याळ हातात घेऊन हलवलं, जोरात हलवलं, वेड्यासारखी हलवत सुटले. रोटर बिचारा इकडून तिकडे गडगडत होता, कुठल्याही मोडक्या घड्याळाचा गडगडतो तसा.

काडीचं टोक ओलं होतं. मी जिभेला लावून पाहिलं.

खारट.

"आर्सेन," मी म्हटलं, "बोटी पाठव. आत्ताच्या आत्ता पाठव!"

"म्हणजे घड्याळ चांगलं आहे?"

"जा ना रे!"

तो पळत गेला.

बुधवारी पहाटे नेमेसियो सापडला. पामिलाकान बेटाच्या अलीकडे, किनारा दिसेल एवढ्या अंतरावर. उजवा हात निळ्या डब्याच्या दोरीत अडकवलेला, डावा मोकळा. डब्यात घोटभर पाणी शिल्लक होतं.

शरीर ताजं होतं. गुरुवारी बुडालेल्या माणसाचं नव्हतं. डॉक्टरांनी दोनदा पाहिलं आणि सांगितलं, जाऊन एक दिवससुद्धा झालेला नाही. काल दुपारपर्यंत हा माणूस जिवंत असणार.

आर्सेनने हे मला दुकानात येऊन सांगितलं. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मीही त्याच्याकडे बघत नव्हते. त्या दिवसापासून तो माझ्या दुकानावरून जात नाही, पलीकडच्या गल्लीने जातो.

तातायना मी काहीच सांगितलं नाही. ते दुकानात आले, बसले, मान वळवली आणि ऐकत राहिले. मग म्हणाले, "कुणी हात लावला?"

मी खटक्याची पुडी शोधायला घेतली. त्यांनी परत विचारलं नाही.

तुम्ही म्हणाल, योगायोग. पाच दिवस समुद्रात काढलेला माणूस, त्याचा दम संपायचाच होता, तो नेमका तेव्हा संपला आणि घड्याळ थांबलं. मीही स्वतःला तेच सांगते. दिवसा पटतं. पण काडीखाली जो जोर होता, तो दम संपलेल्या माणसाचा नव्हता. तो किनारा दिसलेल्या माणसाचा होता.

नऊ दिवसांची प्रार्थना झाल्यावर रोसेन्दा घड्याळ न्यायला आली. मी नवीन खटका बसवून ठेवला होता. तिने ते स्वतःच्या मनगटावर चढवलं. पट्टा सैल होता, तरी काढलं नाही.

"तुझ्यामुळे आम्ही शोधत राहिलो, नाँग," ती म्हणाली. "नाहीतर त्याचं शरीरसुद्धा मिळालं नसतं मला."

मी मान खाली घालून पट्ट्याला नवीन भोक पाडत होते.

"एक विचारू?"

"विचार, दाय."

"शेवटी ते हळूहळू थांबलं का? म्हणजे... झोप लागल्यासारखं?"

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"हो," मी म्हटलं. "हळूहळू."

तिने माझा हात धरला. हाच, काडी धरलेला. दोन्ही हातांत घट्ट धरून तिने तो कपाळाला लावला, आमच्याकडे मोठ्यांचा लावतात तसा, आणि बराच वेळ सोडला नाही.