आण्णांच्या जिभेचे अकरा सेकंद

पंचगंगेकाठच्या त्या किरणोपचार केंद्रात 'देवाच्या मनात असेल तसं' असं म्हणायची सोय नव्हती. पाटीबिटी लावलेली नव्हती. पण सुप्रभा मगदूमसमोर कुणी ते वाक्य काढलं की तिचं डोकंच फिरायचं. "देवाला कशाला मध्ये ओढता? मी आकडा दिलाय ना तुम्हाला!" असं ती फाडकन बोलायची. आणि तिला ते शोभायचं. ती केंद्राची भौतिकतज्ज्ञ. किरणांची मात्रा मोजणाऱ्या कवडीगणिताची आज्ञावली तिनं आणि तिच्या चार सोबत्यांनी इथंच कोल्हापुरात बसून लिहिली होती, आणि आता परदेशातली मोठमोठी रुग्णालयं ती वापरत होती. गर्व होता तिला. का नसावा?

कर्करोगाच्या गाठीत बारीक नळ्या घालायच्या, त्यांतून किरणोत्सारी इरिडियमची कणी फिरवायची आणि गाठ आतूनच जाळायची, हा उपचार तसा जुनाच. कुठल्या पेशीला किती मात्रा मिळणार, हा खरा अवघड प्रश्न. पूर्वी माणूस म्हणजे नुसतं पाणी असं धरून ती काढत. हाड नाही, दात नाही, पोकळी नाही, सगळं पाणी! सुप्रभा आधी रोग्याचा प्रतिदेह उभा करायची, म्हणजे संगणकातला दुसरा तोच माणूस, पेशी न् पेशी जमेस धरलेला. त्याच्या गाठीत गणिती कणी ठेवायची आणि किरणांचा एकेक कण सोडायची. तो कण पुढे जाईल, वळेल की मुरेल, हे दर पावलाला कवड्या टाकल्यासारखं नशिबावर ठरायचं. असे हजारो कोटी कण. एकेकट्याचं काही सांगता येत नसे. सगळ्यांचं मिळून मात्र एका पेशीचंही भाकीत चुकत नसे.

"आलं ध्यानात," समोर बसलेले रोगी आण्णाप्पा चौगुले म्हणाले. "एक ऊस गोड निघंल का पाणचट, ते सांगता येत न्हाई. पर गाडीभर उसाचा उतारा मी घरात बसून सांगतो."

आण्णा म्हणजे साधी असामी नव्हे. त्रेसष्ट वर्षांचे गुळव्या. गुऱ्हाळात रस आटून गूळ कधी झाला, रसाची मोठी काहील चुलाणावरून कधी उतरायची, हे गुळव्या ठरवतो, आणि आण्णा ते जिभेवर थेंब ठेवून ठरवायचे. खारवट जमिनीतला ऊस असला तर त्यांना थेंबात कळायचं, आणि तो गूळ ते चांगल्या गुळात मिसळू देत नसत. पण चाळीस वर्षं डाव्या गालात तंबाखूचा बार धरलेला. जिभेच्या डाव्या कडेलाच गाठ आली.

सुप्रभानं दोन आराखडे पुढे ठेवले. पहिल्यात गाठ शंभर टक्के जाणार. पण उजव्या, निरोगी बाजूलाही एवढी मात्रा बसणार की चव कायमची संपली. दुसऱ्यात चव राहणार. पण शंभरातल्या नऊ खेपांत गाठ परत येणार.

"पयला घ्या," त्यांची बायको गौराबाई लगेच म्हणाली. "माणूस राहिला म्हंजे झालं. चव काय चुलीत घालायचीय?"

"आणि मी गुऱ्हाळात बसून काय माश्या मारू?" आण्णा भडकले. मग पडद्यावरच्या आपल्या जिभेकडे बराच वेळ बघत राहिले. "पोरी, ह्यो फोटू कवा काढलास?"

"भूल दिली होती तेव्हा."

"तरीच! ही झोपल्याली जीभ हाय. गुळव्याची न्हवं." त्यांनी तोंड उघडलं. कढता थेंब डाव्या बाजूला घ्यायचा आणि उजवी बाजू मुडपून गालाकडं ओढून ठेवायची, म्हणजे भाजली तरी एकच बाजू भाजते, ही गुळव्यांची रीत. चाळीस वर्षांच्या सवयीनं ती उजवी बाजू चांगली बोटभर लांब जाऊन बसली.

सुप्रभा खुर्चीतून उठलीच. अंतर दुप्पट झालं की किरणांचा मारा चौथाईवर येतो. तोंडात साचा बसवून जीभ एवढी लांब कधीच गेली नसती. स्नायूनं स्वतःच ओढायला हवी. तिनं आण्णांना तसंच बसवून पुन्हा चित्रं घेतली, नवा प्रतिदेह केला. दुसऱ्या दिवशी आकडा आला: गाठ पूर्ण जाते, चव पूर्ण राहते. अट एकच. प्रत्येक वेळी सहा मिनिटं, अशा आठ फेऱ्या, जीभ हलता कामा नये.

"सहा मिण्टं?" आण्णा हसले. "अगं, काहील उतरंपातुर मी निम्मा तास धरलीया!"

आणि शाब्बास त्या माणसाची! जिभेत नळ्या, खोलीत एकटे, जाड भिंतीपलीकडे बाकी सगळे. सात फेऱ्यांत जीभ केसभर हलली नाही. सुप्रभा कॅमेऱ्यात बघत होती आणि तिला या म्हाताऱ्याचा असा अभिमान वाटत होता, जणू तिचाच बाप आत बसलाय.

आठव्या फेरीला गौराबाईचे डोळे भरून आले. सुप्रभानं मायक्रोफोन पुढे केला. "बोला काकू. शेवटची फेरी आहे, धीर येईल त्यांना."

"आवं," गौराबाई म्हणाली, "दमलासा व्हय?"

आत आण्णांनी "अंहं" केलं. बेचाळीस वर्षांत बायकोच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही असं कधी झालं नव्हतं. जीभ सैल झाली, भानावर येऊन त्यांनी ती परत ओढली.

संगणकानं खऱ्या हालचालींवरून सगळं पुन्हा मोजलं. गाठ संपली. चवही राहिली. फक्त अकरा सेकंद उजवी कड कणीजवळ आली होती, आणि बारीक खारटपणा ओळखणाऱ्या पेशी नेमक्या त्या कडेला, सहन होईल त्या मात्रेच्या टोकावर होत्या. त्या गेल्या. कुठल्या फेरीत, कितव्या सेकंदाला, कुणाच्या आवाजावर, सगळं अहवालात होतं. प्रतिदेहात सुप्रभानं दात घातले होते, हाडं घातली होती, दाढेतली चांदीसुद्धा घातली होती. प्रतिदेहाला बायको नव्हती.

नियमाप्रमाणे तिनं अहवाल आण्णांना दाखवला. "माइक मी दिला, आण्णा. माझी चूक."

आण्णांनी वाचून कागद घडी करून खिशात ठेवला. "जीभ माझी हाय. मी सोडली. गौराच्या कानावर ह्यातलं अक्षर गेलं तर बघ."

पुढच्या हंगामात त्यांनी सुप्रभाला गुऱ्हाळावर बोलावलं. सगळ्यांसमोर छाती फुगवून सांगत होते, "ह्या पोरीनं वाचवली बरं का ही जीभ! जगात तोड न्हाई हिला!" मग काहिलीतला थेंब घेतला, डोळे मिटले. "एक नंबर. उतरा."

गौराबाईनं सहज बोटावर घेऊन चाखला आणि तोंड वाकडं केलं. "खारटाय की वो! नदीकडच्या मळ्यातला ऊस दिसतोय."

गुऱ्हाळातली माणसं आण्णांकडं बघू लागली. आण्णांच्या चेहऱ्यावरून काहीतरी झर्रकन गेलं. पण लगेच ते मोठ्यानं हसले. "बघा! माझ्यापरास हुशार हाय. ही गोष्ट आजपातुर सांगितली न्हवती कुणाला. आता खारं बघायचं काम हिचं!"

गौराबाई लाजली, पण खूश झाली. मग सुप्रभाजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, तुमी एवढं कोटी-कोटी कण मोजलासा. आज ह्यांस्नी खारट कळलंच न्हाई. सगळं वाचलं, मग ही खारटाची चवच तेवढी कशी गेली ह्यांची?"

आण्णा काहिलीपलीकडून एकटक सुप्रभाकडे बघत होते. घडी घातलेला तो कागद अजून त्यांच्या खिशातच होता. पूर्वी या प्रश्नाला उत्तर नसायचं, आणि उत्तर नाही म्हणून माणसं रात्री झोपू शकायची. ती सोय सुप्रभानंच काढून घेतली होती, मोठ्या अभिमानानं.

"देवाच्या मनात असेल तसं, काकू," ती म्हणाली.

गौराबाईनं मान डोलावली आणि तिच्या हातावर गरम गुळाचा खडा ठेवला.