आरशातली रिकामी बस

ही घडलेली गोष्ट आहे. असलं काही फक्त रात्री होतं असं ज्यांना वाटतं, त्यांना आधीच सांगतो... हे भर दुपारी झालं. गेल्या मे महिन्यात, भाईंदर पूर्वेला, नवघर रोडवरच्या एका बिल्डिंगमध्ये.

माझी मावसबहीण क्षितिजा तिथे राहते. मावशी गेल्यापासून घरात ती आणि तिचे वडील गुणवंतकाका, दोघंच.

काकांचा अख्खा जन्म मुंबईत सिटी बस चालवण्यात गेला. रिटायर झाले आणि अर्धांगाचा झटका आला. डावा पाय जड झाला. बोलणं तुटलं. खिडकीत बसून नुसते रस्त्याकडे बघायचे.

मग क्षितिजाने कॉम्प्युटरवर बस चालवायचा गेम आणला. हातात स्टिअरिंग, पायाखाली पेडल... आणि माणूस परत माणसात आला. रोज जेवण झालं की ड्यूटी सुरू.

तक्रार एकच.

"आरसा नाय. आरशाशिवाय गाडी कशी काढायची?"

कॉम्प्युटरमध्ये स्क्रीनवरचं चित्र काढतं ते ग्राफिक्स कार्ड जुनं होतं, त्याला आरसे झेपत नव्हते. म्हणून क्षितिजाने नवं कार्ड बसवून घेतलं. त्या रविवारी दुपारी तिने आरसे चालू केले. काकांनी गिअर टाकला.

चित्र अडकलं.

सुटलं... पुन्हा अडकलं.

जुन्या कार्डापेक्षाही वाईट.

तिने खालच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून यतीनला बोलावलं. त्याने मॉनिटरची वायर तपासली. ती बरोबर लागली होती. पॉवर सप्लाय ठीक. कार्ड गरम होत नव्हतं.

"ड्रायव्हर काढून नवीन टाकतो," तो म्हणाला.

काकांनी वळून त्याच्याकडे बघितलं.

"काका, तुम्ही नाय. कार्डचा ड्रायव्हर. सॉफ्टवेअर असतं ते."

क्षितिजाला हसू आलं. तिचं त्या घरातलं ते शेवटचं हसू असावं.

नवीन ड्रायव्हरनेही फरक पडला नाही. यतीनने गेममधले सगळे पॅसेंजर बंद केले. बस डेपोत उभी ठेवली. तरी चित्र अडकतच होतं. मागच्या सीटा दाखवणारा आतला आरसा बंद केला...

एकदम स्मूथ.

चालू केला, की परत तेच.

"ताई, आरसा लावला की कार्डला मागच्या सगळ्याचं चित्र अजून एकदा काढावं लागतं," यतीन हळू बोलायला लागला. "पण मागे कोणच नाय. रिकाम्या बसला एवढा लोड येत नाय. भरलेल्या बसला येतो."

तिघांनी आरशात बघितलं.

रिकाम्या सीटा. मधली मोकळी वाट.

"आहेत ना पाठी," काका म्हणाले.

आणि त्यांनी गाडी काढली.

दोन सिग्नल गेले. मग...

टण.

कंडक्टरची घंटी. एकच ठोका. काकांनी सवयीने ब्रेक दाबला.

यतीनचा हात माऊसवरच राहिला.

"ताई... हा बाहेरच्या देशातला गेम आहे. यात कंडक्टर नसतो."

क्षितिजाला मात्र वेगळीच गोष्ट जाणवली होती. स्पीकर समोर टेबलावर होते.

घंटी मागून वाजली होती. किचनच्या दाराकडून.

काकांनी बटण दाबून बसचं दार उघडलं. स्क्रीनवर फुटपाथ मोकळा. कोपऱ्यात कार्ड सेकंदाला किती चित्रं काढतंय त्याचा आकडा दिसत होता. लोड वाढावा तसा तो उतरायला लागला.

चाळीस...

सत्तावीस...

बारा...

जसं कोणीतरी चढतंय. आणि त्याच्यामागून अजून कोणीतरी.

चित्र गोठलं. पंखा फिरत होता, तरी खोलीत कोंदट झालं. घामाचा, ओल्या कपड्यांचा वास आला.

मागून पुन्हा वाजलं. टण टण.

काकांनी ब्रेक सोडला.

यतीन चपला हातात घेऊन जिन्यावरून उतरला. त्याचा स्क्रूड्रायव्हर टेबलावरच राहिला. न्यायला तो अजून आलेला नाही.

क्षितिजाने त्याच संध्याकाळी गेम काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी काका जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. परत खिडकी. परत तो नुसता रस्ता. डॉक्टर म्हणाले, "यांची जगायची इच्छाच दिसत नाही."

मुलीने काय करायचं?

तिने गेम परत टाकला. आरसे बंद ठेवले. आता तो लोण्यासारखा चालतो. काका दोन पोळ्या खातात. गाडी चालवता चालवता नजर वर जाते, जिथे आरसा असायला हवा तिथे. मधूनच म्हणतात, "पुढे सरका, पुढे जागा आहे."

मागच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. काका गाडीवर होते. त्यांच्या खुर्चीमागे अख्खा हॉल मोकळा.

क्षितिजा किचनमधून चहा घेऊन निघाली.

तिने ट्रे छातीशी धरला. अंग तिरकं केलं. खांदे आवळले. मग त्या मोकळ्या हॉलमधून ती एकेक पाऊल टाकत आली... जशी आपण गच्च भरलेल्या बसमधून वाट काढतो.

"अशी का चालतेस गं?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

"कशी?"

मी चहा घेतला नाही. निघताना दारापर्यंत भिंत धरून गेलो.

तरीही वाटेत मला कोणाचं तरी कोपर लागलं.